पेलेग्रींच्या घराचा धूर

दहाला पाच मिनिटं असताना फेरानची गाडी घाटाचं शेवटचं वळण उतरली आणि एम्पारने काच खाली करून आधी वर पाहिलं. संत अंतोनीच्या सणाच्या सकाळी बेनिफारमध्ये शिरणारा प्रत्येक जण आधी वरच बघतो. गावावर धूर होता, आणि चांगला दणकून होता. डोंगराकडच्या गल्लीत हिवाळाभर एक खिडकी उघडत नाही, तिथल्या धुराड्यांतूनही आज ढग निघत होते. माद्रिदवाले, जर्मनीवाले, कोण कोण रातोरात येऊन चुली फुंकत बसले होते देव जाणे. फक्त चर्चमागचं पेलेग्रींचं, म्हणजे एम्पारच्या माहेरचं धुराडं कोरडं ठणठणीत होतं.

"दादाने चूलच पेटवली नाही!" एम्पार ओरडली. "दहाला चुलींची मोजणी निघेल. हाण गाडी!"

"आई, इथे गल्लीत गाडी जात नाही."

"मग थांबव. मी पळते."

आणि एकोणसत्तर वर्षांची एम्पार खरोखर पळाली. नव्या बुटांनी टाचा सोलत होत्या, तरी पळाली. चव्वेचाळीस वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती. तो दिवस एका विझलेल्या चुलीपायी हातचा जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बेनिफारला पाणी एका झऱ्याचं, आणि त्या झऱ्याबद्दल काही ठरवायचं तर घरटी एक आवाज, एक मत. पण घर कशाला म्हणायचं, याबाबत जुनी माणसं पक्की होती. कागदावरच्या घराला ती घर मानत नसत. संत अंतोनीच्या सकाळी ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो आणि ज्याच्या चुलीवरचं काहीतरी गरम मोजणीदारांच्या पोटात जातं, तेच घर. आणि चूल ज्याने पेटवली, आवाज त्याचा. मालक कोण, थोरला कोण, हे कुणी विचारायचं नाही.

आज प्रश्न होता तीनशे घरांचा. खाडीजवळच्या वाळूत एका शहरी बिल्डरला तीनशे बंगले बांधायचे होते, उन्हाळ्यात सहा आठवडे राहायला येणाऱ्यांसाठी. झऱ्याचं पाणी मिळालं तर बंगले, नाहीतर नाही. आणि त्या वाळूचा मधला, सगळ्यात मोठा तुकडा एम्पारचा होता.

तो तिला कसा मिळाला हे गावात सगळ्यांना पाठ होतं. वडिलांनी वाटणी केली तेव्हा बातिस्तला संत्र्यांची बाग दिली आणि बागेबरोबर झऱ्याच्या पाण्याची गुरुवारची पाळी. लग्न ठरलेल्या एम्पारला वाळू. पाण्याची पाळी वाळूला कशाला हवी? नवऱ्याकडचे लोक तेव्हा जेवणाच्या टेबलावर हसले होते. 'पोरीला आंघोळीची सोय करून दिली' असं कुणीतरी म्हणालं, आणि तिचे वडीलही हसले. ते हसणं तिला अजून ऐकू यायचं. आज ती वाळू सगळ्या बागांच्या वरचढ ठरणार होती.

घराचं दार उघडंच होतं. आतून हातोड्याचे ठोके ऐकू येत होते.

चुलीच्या कमानीपुढे तिचा भाऊ बातिस्त गुडघ्यांवर बसला होता, केसांत चुना, हातात हातोडा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो विटा फोडत होता. त्याची मुलगी ल्यूसिया पाहुण्यांचा पांढरा सोफा एकटीच ढकलत भिंतीला लावत होती. भिंतीवर 'समुद्राचा वारा' असं रंगीत अक्षरांत लिहिलेली पाटी होती. धुराड्याचं तोंड विटांनी बंद केलेलं आणि त्यातून एसीची नळी वर गेलेली.

एम्पार दम खात उभी राहिली. मग तिच्या सगळं लक्षात आलं.

"हे तू बंद केलंस?"

"पाहुण्यांना गार हवा लागते," बातिस्त तिच्याकडे न बघता म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यापासून घर भाड्याने देतोय. बागेत काय पिकतंय आता? विटा रचताना मोजणीचं ध्यानातच राहिलं नाही. सकाळी लाकडं घेऊन आलो तर ही भिंत."

"बंद घरांनी गाव खाल्लं म्हणून गावभर बोंबलत फिरणारा माणूस तू! आणि बापाच्या चुलीवर विटा रचल्यास?"

"बोल, बोल. तू तर वीस वर्षांत इथे एक काडी पेटवली नाहीस."

"आत्या, बाबा, नंतर," ल्यूसिया म्हणाली. तिचे हात मातीने फाटलेले होते. बाग आता तीच बघायची. "मोजणीदार खालच्या गल्लीत शिरलेत. आपली ही तिसरी."

चूल पेटलीच पाहिजे, याबाबत बहीणभावांत काडीचा मतभेद नव्हता. बातिस्तला घराचा आवाज 'नाही' म्हणायला हवा होता, एम्पारला 'हो' म्हणायला. घर वडिलांनी दोघांच्या नावे ठेवलं होतं, पण आवाज एकच. तरी पुढची वीस मिनिटं दोघं एका जिवाने राबली. बातिस्त फोडायचा, एम्पार विटा ओढायची, ल्यूसिया त्या परातीत भरून अंगणात टाकायची. मागून पोचलेल्या फेरानने एसीची नळी ओढून काढली तेव्हा वरून एक अख्खं घरटं आणि पसाभर काजळी त्याच्या शर्टावर पडली.

"मामा, हा शर्ट नवा होता."

"बिल्डरसाहेबांना सांग, दुसरा देतील," बातिस्त म्हणाला. फेरान त्या बिल्डरच्या कचेरीत कामाला होता. तो काजळी झटकू लागला.

लाकडं रचली. संत्र्याची होती, आणि ओलसर. बातिस्तने खिशातून काडेपेटी काढली.

"थांब. काडी मी लावते," एम्पार म्हणाली.

"घर माझं आहे."

"अर्धं."

"मी रोज येतो इथे!"

"एसी बघायला."

त्याने काडी ओढली. पहिली विझली. दुसरीने कागद पेटला, धूर उलटा फिरला आणि खोलीभर पसरला. चौघंही खोकायला लागली. तिसरी काडी त्याच्या बोटांतून पडली. बाहेर कुणीतरी ओरडत होतं, "पेलेग्रींकडे अजून धूर नाही! आज पेलेग्री बाद!" आणि त्यापाठोपाठ कुणाचं तरी हसू आलं. एम्पारच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सरक," ती म्हणाली.

बातिस्त सरकला. चूल म्हटली की पुरुषांनी या घरात नेहमी सरकायचंच असे. तिने ओली लाकडं बाजूला केली, ल्यूसियाकडून द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांची मोळी मागून घेतली, वर्तमानपत्र पिळून त्याचा पलिता केला आणि आधी तो हात लांब करून थेट धुराड्याच्या नरड्यात धरला. गार धुराडं आधी तापवावं लागतं, मग ते धूर ओढतं. हे तिला आईने शिकवलं होतं, याच फरशीवर, ती सात वर्षांची असताना. पलिता हाताला चटके देईपर्यंत तिने धरून ठेवला. मग खाली टाकला. काड्यांनी तडतड केली, धूर क्षणभर अडखळला आणि मग सरळ वर गेला.

"गेला! गेला वर!" ल्यूसिया अंगणातून नाचत ओरडली. "आत्या, काळाकुट्ट निघतोय!"

गल्लीत टाळ्या वाजल्या. फेरानने आईला मिठी मारून उचललंच. एम्पार हसत होती, रडत होती, दोन्ही धुराने असं तिने सांगितलं असतं. पण धुराचा त्यात फारसा भाग नव्हता. तिला आनंद झाला होता, साधा, पोरकट आनंद.

चूल कुणी पेटवली हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

बातिस्त पाहुण्यांच्या पांढऱ्या सोफ्यावर बसला. "झालं तर मग," तो म्हणाला. "आवाज तुझा."

"माझा."

"ल्यूसियाची झाडं बघून ये एकदा. पानांची टोकं जळतात. त्या वरच्या दोन वसाहतींनी बोअर मारल्यापासून. त्यात आणखी तीनशे घरं."

"बिल्डरच्या अहवालात पाणी भरपूर आहे, मामा," फेरान म्हणाला. "मोठ्या तज्ज्ञांची सही आहे त्यावर."

"तज्ज्ञ कधी आले होते?"

"मार्चमध्ये."

"मार्चच्या पावसात तर माझ्या बुटातही पाणी असतं!"

"दादा," एम्पार म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता तितका कडक निघाला नाही. "तुझ्या झाडांची पानं जळली तर तुला एवढं लागतं. माझ्या वाट्याला पानंच आली नाहीत. तू त्या दिवशी टेबलावर होतास. एक शब्द बोलला नाहीस."

बातिस्त गुडघ्यांवरचा चुना झटकू लागला. ल्यूसिया बापाकडे बघत राहिली. ही गोष्ट तिने बापाकडून नक्कीच वेगळी ऐकली असणार.

"काढा ठेवायचाय चुलीवर," एम्पार विषय तोडून म्हणाली. "मोजणीदारांना काय देऊ, राख?"

नळ सोडला तर कोरडा. हिवाळ्यात पाहुणे नसतात म्हणून बातिस्तने नळाचं पाणी बंद करून ठेवलं होतं. एम्पार पातेलं घेऊन अंगणात गेली. आडावरचं झाकण तिने आणि ल्यूसियाने मिळून सरकवलं. रहाट गंजला होता, पण फिरला. बादली खाली आपटल्याचा आवाज आला तेव्हा तिला एकदम आईचे ओले हात आठवले. या आडाचं पाणी इतकं गोड होतं की आजूबाजूच्या बायका डाळ शिजवायला इथून न्यायच्या. वरच्या झऱ्याची आणि या आडाची शीर एकच, असं वडील सांगायचे.

ल्यूसियाच्या टोपलीत डोंगरावरचा सुगंधी पाला होता. तो टाकला, पाणी उकळलं, खोलीभर वास सुटला. एम्पारने चमचाभर काढून फुंकर मारून चाखलं.

तिने चमचा खाली ठेवला. परत उचलला, परत चाखलं.

"काय झालं?" फेरानने विचारलं.

"मीठ कुणी टाकलं?"

कुणीच टाकलं नव्हतं. ल्यूसियाने चाखलं आणि तिचा चेहरा उतरला. फेरानने चाखून तोंड वेडंवाकडं केलं. तिघंही अंगणात गेली, बादलीत उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायली. समुद्र. पातळ केलेला, पण समुद्रच.

"तुला ठाऊक होतं?" एम्पारने विचारलं.

"नाही, आत्या. इथलं पाणी कोण पितं आता? सगळं गाव बाटलीतलं पितं. पाहुणेही. मी बागेत खारट पाणी म्हणत होते तर सगळे म्हणायचे, बाग समुद्राकडे आहे म्हणून. पण हा आड तर..." ल्यूसियाने वर डोंगराकडे पाहिलं. "हा तर बागेच्या वर आहे. वरच्यांनी गोडं पाणी उपसून समुद्र इथवर आत ओढला, तर मग झरा राहिला किती लांब?"

गल्लीत झऱ्याच्या म्हाताऱ्या राखणदाराची, सेनेंतची काठी वाजली. मोजणीदार शेजारच्या घरात होते. "बार्बेक्यू म्हणजे चूल नव्हे, साहेब!" सेनेंत कुणाला तरी खडसावत होता. "गच्चीवर कोळसे पेटवून घर होतं होय? कोळशाला धुराडं कुठाय? पुढे चला, तोनेता, हे बाद."

फेरान गाडीकडे धावला आणि दोन मोठ्या बाटल्या घेऊन आला. "आई, लवकर. हे ओतून दे, पातेलं विसळ, यात कर परत. दोन मिनिटांत उकळेल."

एम्पारने पातेलं उचललं.

ल्यूसिया दारात उभी होती. तिने एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं एम्पारला वाटलं. भांडता तरी आलं असतं.

ओतून द्यायला काय लागतं? मोरी समोर होती. बाटलीतल्या पाण्याचा काढा सेनेंत पिईल, आवाज तिचा होईल, वाळूचं सोनं होईल. आणि मग तीनशे घरं उभी राहतील. तीनशे बायका उन्हाळ्यात हौसेने येतील, नळ सोडतील, आणि खारं पाणी येईल. तिच्या मनात पुढचं चित्र आपोआप आलं: कुणीतरी हसत तिच्यासारख्याच कुणाच्या तरी हातात कागद ठेवतंय. वाळू. पाणी नसलेली वाळू. तिच्या बापाने तिला दिली तीच. फरक एवढाच की या वेळी हसणारी ती असणार होती.

एम्पारला स्वतःचीच चीड आली.

"आई!" फेरान म्हणाला. "आले ते!"

"येऊ दे," ती म्हणाली आणि पातेलं चुलीवर परत ठेवलं.

सेनेंत वाकून आत आला. झऱ्याचा तो सगळ्यात जुना राखणदार, ऐंशीला टेकलेला. मागे नोंदी करणारी तोनेता, वही छातीशी धरून. त्यांनी वर पाहिलं, धूर पाहिला, चुलीत लाकडं पाहिली.

"चूल कुणी पेटवली?"

"मी," एम्पार म्हणाली. "बसा. घ्या."

सेनेंतने मोठा घोट घेतला. त्याचे डोळे गोल झाले. गाल फुगले. आता थुंकेल असं वाटलं, पण नियम म्हणजे नियम. पोटात जायलाच हवं. त्याने डोळे मिटून गिळलं.

"लिहा," तो खोल आवाजात म्हणाला. "पोटात गेलं. एम्पार, तू माझ्यावर सूड उगवतेस का?"

"आडाचं पाणी आहे, सेनेंतकाका. या आडाचं. दुसरं काही घातलेलं नाही."

तोनेताने चाखलं आणि मोरीकडे धावली. सेनेंत मात्र हलला नाही. त्याने कप पुन्हा तोंडाला लावला, या वेळी हळू, जिभेवर घोळवत. मग तो उठून अंगणात गेला, आडात वाकून बराच वेळ बघत राहिला.

"हा आड?" तो परत येऊन म्हणाला. "तुझी आई माझ्या आईला इथून पाणी द्यायची." तोनेताने वही मिटली आणि दोघं निघून गेले. पण दार उघडं होतं, गल्ली अरुंद होती आणि बेनिफारच्या बायका अंगणात कपडे वाळत घालत होत्या. पुढच्या दहा मिनिटांत चार जणी तांबे घेऊन आडावर आल्या, चाखून गेल्या.

बाराला चौकात सगळं गाव जमलं. पाद्रीबाबांनी कुत्री, कोंबड्या, एक गाढव आणि कुणाच्या तरी नातवाचं कासव यांच्यावर पाणी शिंपडलं. मधे संध्याकाळच्या होळीसाठी वेलींच्या काड्यांचा डोंगर रचलेला होता. त्याच्यापुढे टेबल टाकून तोनेता घरांची नावं वाचू लागली.

सकाळपर्यंत गाव 'हो' कडे झुकलं होतं. आता माणसं नाव पुकारल्यावर आधी एकमेकांकडे बघायची. काही जण 'हो' म्हणाले, खाली मान घालून. काहींनी 'नाही' म्हटलं, आणि त्यावर कोणीतरी शिट्टी मारली. अकरा हिवाळे इथे काढलेली हॉलंडची मार्लाइनबाई उभी राहून म्हणाली, "नाही! आणि मी गावात शेवटची आले म्हणून मला बोलू नका!" चौक हसला. मग पुन्हा 'हो', 'हो', 'नाही'. तोनेताने बोट वहीवर ठेवलं.

"सारखे झाले," ती म्हणाली. "एकच घर राहिलंय. पेलेग्री."

एम्पार पुढे आली. नवे बूट हातात होते. टाचांना फोड आले होते. फेरान एका बाजूला, बातिस्त दुसऱ्या बाजूला, दोघांच्या नजरा तिच्यावर. चौकात कोंबडी बोलली तेवढंच.

"नाही," एम्पार म्हणाली.

गोंगाट उसळला. कुणी टोपी उडवली, कुणी शिव्या घातल्या, फेरानने दोन्ही हात डोक्याला लावले. ल्यूसिया रडत तिच्या गळ्यात पडणार तोच एम्पारने हात वर केला.

"थांबा! अजून संपलं नाही. सेनेंतकाका, आज वहीत पाण्याची पाळीही लिहितात ना?"

"लिहितात. देणारा असला तर."

एम्पारने भावाकडे पाहिलं. त्याच्याकडे पाळी मागायची नाही, हे तिने चौकापर्यंत येताना ठरवलं होतं. ती नुसती बघत राहिली. सगळं गाव बातिस्तकडे बघू लागलं. त्याने टोपी काढली. चुन्याने केस पांढरे झाले होते, आणि तो एकदम त्यांच्या वडिलांसारखा दिसला.

"लिही, तोनेता," बातिस्त म्हणाला. मग त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "लिही. गुरुवारची पाळी. अर्धी एम्पारच्या वाळूला. तेव्हाच द्यायला हवी होती."

तोनेताने लिहिलं. वही एम्पारपुढे सरकवली. तिने सही केली, मोठी, वाकडी, दोन ओळी व्यापणारी.

"वाळूत येतं तरी काय?" फेरान पडक्या आवाजात म्हणाला.

"भुईमूग," बातिस्त म्हणाला. "उत्तम येतो. थोडं पाणी मिळालं की शेंगा बोटाएवढ्या."

एम्पारने मान वळवली. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"बाबा सांगायचे."

मग वाकून तिने बूट पायांत घालायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून पुन्हा हातात घेतले.

"गुरुवारी किती वाजता दार उघडतं पाण्याचं?"

"पहाटे साडेपाच," बातिस्त म्हणाला. "आणि ठरल्या वेळी माणूस तिथे उभं नसलं तर पाळी जाते. पाच मिनिटं उशीर झाला तरी."

"ल्यूसिया," एम्पार म्हणाली, "आज माझा बिछाना चुलीपाशी घाल. मी आता शहरात जात नाही. चव्वेचाळीस वर्षं उशीर झालाय, त्यात आणखी पाच मिनिटं नकोत."